खाटेपासून बाथरूमपर्यंत: धाप सांभाळताना

फुप्फुसाचा कर्करोग बळावलेल्या रुग्णाच्या घरी फिजिओथेरपीसाठी गेले की घरचे विचारतात, "ताकद कधी येईल?" मी विचारते, बाथरूम किती पावलांवर आहे? तिथवर कमी धापेत जाता यावं, एवढंच उद्दिष्ट मी धरते.

आधी फाइल बघते. प्लेटलेट्स २०,००० च्या खाली असतील तर जोर लावायचे व्यायाम नाहीत. आजार मणक्यात पोचला असेल तर कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदमच वळवायची, पीळ पडू द्यायचा नाही. पाठ अचानक जास्त दुखू लागली, पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.

धाप लागली की सगळे ओरडतात, "खोल श्वास घ्या!" तिथेच बिघडतं. आतली हवा पुरती बाहेर पडलेली नसते, त्यावर आणखी ओढायला गेलं की छाती ताठते आणि जीव घाबरा होतो. म्हणून आधी श्वास सोडायला शिकवते: नाकाने हलकेच घ्यायचा, गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांतून सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ. खुर्चीत बसून पुढे झुकायचं, कोपरं मांड्यांवर, खांदे सैल. हातातला छोटा पंखा चेहऱ्यापासून १५ सेंमीवर, वारा नाक-ओठ-गालांवर, पाचेक मिनिटं. रक्तातला ऑक्सिजन ठीक असेल तर ऑक्सिजनच्या नळीपेक्षा मला हा स्वस्त पंखा बरा वाटतो. (घरच्यांना पटायला वेळ लागतो.)

डॉक्टरांनी धापेसाठी मॉर्फिनची लगेच काम करणारी गोळी दिली असेल, तर अंघोळ गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने ठेवायची. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. वाटेत एक खुर्ची हवीच, आणि दम संपायच्या आधी तिच्यावर बसायचं.

अंघोळ स्टुलावर बसून, दार किलकिलं, वाफ कोंडू द्यायची नाही. खरी दमछाक पाण्याचा मग डोक्यावर रिकामा करताना होते, कारण हात खांद्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे स्नायू त्या कामात अडकतात. पाणी दुसऱ्याने ओतावं, केस दुसऱ्या दिवशी धुवावेत. पुसत बसण्यापेक्षा मोठा टॉवेल पांघरून तसंच बसावं.

दहा मिनिटांत दम खाली बसला नाही, तर उद्या बाथरूम रद्द. खाटेवरच अंग पुसायचं.