बर्नहॅमच्या आज्यांनी अडवलेला वीज प्रकल्प

आपल्याकडून अमेरिका बघायला येणारे बरेच जण फोर कॉर्नर्सला येतात, चार राज्यांच्या खुणेवर हात-पाय टेकवून फोटो काढतात, मेसा व्हर्डे करतात आणि पुढे ग्रँड कॅन्यनला निघून जातात. ती खूण नवाहो या अमेरिकेतल्या मूळ आदिवासी लोकांच्या जमिनीवर आहे हे फार कुणाच्या लक्षात येत नाही. मी न्यू मेक्सिकोत फार्मिंग्टनला राहते, इथून नवाहो नेशन सुरू होतं ते पार अ‍ॅरिझोना आणि युटापर्यंत, जवळपास ७० हजार चौरस किलोमीटर. स्वतःचं सरकार, स्वतःचा प्रेसिडेंट, विंडो रॉकला राजधानी. इथे राहायला आल्यापासून इथल्या लोकांबद्दल घरच्यांना सांगावंसं खूप वाटतं, पण डेझर्ट रॉकची गोष्ट आधी सांगते, कारण ती मला सगळ्यात जास्त भिडली.

डेझर्ट रॉक म्हणजे १५०० मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प, फार्मिंग्टनच्या नैऋत्येला बर्नहॅमजवळ होणार होता. सिथ ग्लोबल नावाची कंपनी आणि नवाहो सरकारची डिने पॉवर अथॉरिटी (डिने म्हणजे नवाहो लोकांचं स्वतःसाठीचं नाव) दोघांनी मिळून आणलेला. म्हणजे बाहेरच्या कुणी येऊन जबरदस्ती केली असं सरळ चित्र नव्हतं, ट्रायबल कौन्सिलची मंजुरी होती, तेव्हाचे प्रेसिडेंट जो शर्ली ज्युनियर त्याच्या ठामपणे पाठीशी होते. वर्षाला ५ कोटी डॉलर आणि शेकडो कायमच्या नोकऱ्या मिळतील असं सांगत होते, आणि जिथे तरुण पोरांना कामासाठी घर सोडून शहर गाठावं लागतं तिथे ही गोष्ट लहान नाही हो. तंत्रज्ञान नवं आहे, जुन्या प्लँटपेक्षा प्रदूषण कमी, पाणीही कमी लागेल, हेही सांगितलं जात होतं.

पण बर्नहॅमच्या लोकांनी जुने प्लँट पाहिलेच होते ना! फ्रुटलँडजवळचं फोर कॉर्नर्स पॉवर प्लँट १९६३ पासून धूर सोडतंय आणि त्याच्या समोरच थोड्या अंतरावर १९७० च्या दशकात सॅन वान जनरेटिंग स्टेशन उभं राहिलं. एकाच खोऱ्यात दोन एवढी मोठी कोळशाची केंद्रं, आणि आता तिसरं. माझं माहेर चंद्रपूरचं, दुर्गापूरच्या वीज केंद्राच्या बाजूला गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे तिसरं नको म्हणणाऱ्यांना "विकासाचे विरोधक" म्हटलेलं वाचलं की मला राग येतो.

२००६ च्या डिसेंबरमध्ये तिथे ड्रिलिंगची माणसं आणि मशिनं आली. ज्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चरतात, जिथे चराईचे परवाने घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या नावावर असतात, तिथेच. मग गावातली माणसं, त्यात आज्या सुद्धा, ऐन हिवाळ्यात रस्त्यावर येऊन बसली, शेकोटी पेटवली, तंबू ठोकला आणि तिथेच राहिली. इथली थंडी काय असते ते सांगून कळायचं नाही, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि वारा थांबत नाही. एलोइज ब्राउन या आंदोलनाच्या पुढे होत्या, संघटनेचं नाव "डूडा डेझर्ट रॉक", म्हणजे डेझर्ट रॉक नको. सोबत डिने केअर ही नवाहो लोकांचीच जुनी पर्यावरण संघटना होती.

आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे वीज. तिकडे अ‍ॅरिझोनात पेजजवळ नवाहो जमिनीवरच २२५० मेगावॉटचं नवाहो जनरेटिंग स्टेशन होतं, त्याच्या विजेवर कोलोरॅडो नदीचं पाणी पंपांनी चढवून फिनिक्स आणि टूसॉनला जात होतं, आणि २०१९ साली सुद्धा नवाहो नेशनमधली जवळपास १५ हजार घरं विजेशिवाय होती! हाय टेन्शन तारा डोक्यावरून जातात आणि खाली घरात कंदील, पाणी पिकअपमधल्या टाकीतून भरून आणायचं. डेझर्ट रॉकची वीजही मुख्यतः बाहेरच्याच शहरांना विकायची होती. त्यात युरेनियमचा इतिहास, १९४४ ते १९८६ या काळात इथून जवळपास ३ कोटी टन खनिज काढलं आणि ५०० च्या वर खाणी तशाच उघड्या टाकून कंपन्या निघून गेल्या, खाणकामगार आजारी पडले, गेले. एवढं सोसल्यावर "यावेळी सगळं नीट होईल" यावर कुणी का विश्वास ठेवावा?

पुढे बरीच वर्षं हे चाललं. न्यू मेक्सिकोचे तेव्हाचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांनीही विरोध केला. ईपीए म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने २००८ च्या जुलैमध्ये हवेच्या प्रदूषणासंबंधीचा परवाना दिला, तेव्हा हरलोच असं वाटलं असणार, पण अपील झालं, ओबामा सरकार आल्यावर ईपीएनेच परवाना परत तपासायला मागितला आणि २००९ च्या सप्टेंबरमध्ये तो मागे पाठवला गेला. त्यानंतर प्रकल्प काही उभा राहिला नाही. कोर्टाची, कायद्याची मदत झाली हे खरंच, पण ती मदत येईपर्यंत जागा धरून बसलेली माणसं नसती तर पाया कधीच खणला गेला असता असं मला मनापासून वाटतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. २०१३ मध्ये नवाहो नेशनने स्वतःच इथली नवाहो माइन ही कोळशाची खाण विकत घेतली, फोर कॉर्नर्स पॉवर प्लँटची तीन जुनी युनिटं त्याच वर्षी बंद झाली पण दोन अजून चालू आहेत. पेजचं केंद्र २०१९ मध्ये बंद झालं, सॅन वान २०२२ मध्ये, आणि त्यासोबत चांगल्या पगाराच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांचे वडील, काका तिथे कामाला होते ते आंदोलनवाल्यांवर अजून चिडून आहेत, आणि त्यांचंही चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही. एकाच कुटुंबात दोन्ही बाजू असतात इथे.

अ‍ॅरिझोनात नवाहो जमिनीवरच्या केयेंटाला सोलर प्लँट झालाय, आणि २०१९ पासून "लाइट अप नवाहो" या मोहिमेत दुसऱ्या राज्यांतले लाइनमन येऊन एकेका घरापर्यंत तार ओढून देतात. एकेक घर मैलोन्‌मैल लांब, त्यामुळे काम हळू चाललंय. कोळशावर कमावलेल्यांनी या तारांचा खर्च कधीच उचलायला हवा होता, आणि आज बंद पडलेल्या केंद्रांच्या कामगारांना नवीन कामाचं शिक्षण द्यायलाही त्यांनीच पैसे द्यावेत, ही इथल्या लोकांची मागणी मला शंभर टक्के पटते.