गाडी ‘धरते’ तेव्हा : आमच्या गॅरेजची वाटचाल

गोकुळ शिरगावच्या नव्या जागेवर आम्ही शेडच्या आधी काँक्रीटचं आवार करून घेतलं. बँकेचे साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘अजून छप्पर नाही, लिफ्ट नाही, आणि कर्जाचा पहिला हप्ता काँक्रीटवर का घातला?’ मी म्हणालो, ‘साहेब, हेच आमचं पहिलं मशीन आहे.’ खडी-मुरमावर गाडी फिरवली की चाक जरासं घसरतं आणि दोष झाकला जातो. कोरड्या, टणक, सपाट जागेवर चाकाला घसरायला वाव नसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, माणूस चालतो तेवढ्या वेगानं गाडी फिरवली की ती कुठं धरते, कुठं करकरते, ते लगेच कळतं. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

सुरुवात आप्पांनी केली, १९८७ साली, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात. गिऱ्हाईक म्हणजे वडापवाले, जीपमध्ये सीटवर प्रवासी भरून नेणारे. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडून जीप यायच्या, प्रत्येक गाडीचं स्प्रिंग बसलेलं आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातले चार टोकांचे तुकडे, सुकलेले. मी सहावी-सातवीत असताना एका पावसाळ्यात एक ड्रायव्हर वैतागून आला. घाटात चिखल लागला म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, टाकलं होतं, डांबरी लागल्यावर ते निघेना. गाडी वळणावर जड होत होती, खालून ठक-ठक येत होतं आणि लिव्हर दगडासारखा घट्ट. त्याच्या मते गिअरबॉक्स गेला होता. आप्पा पान्याला हात न लावता स्टिअरिंगवर बसले, गाडी सरळ रेषेत आठ-दहा हात मागं घेतली आणि लिव्हर दोन बोटांनी ओढला. निघाला.

नंतर त्यांनी मला पेन्सिलीनं चार चाकं काढून दाखवली. वळताना पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची लहान. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले. दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, म्हणजे डिफरन्शियल, मध्ये नाही. चिखलात चाक घसरून हिशोब मिटवतं. डांबरावर तो मिटत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दातांत साठत राहतो. गाडी मागं घेतली की तो उलगडतो. ‘मोडलेलं काही नाही, पीळ पडलाय,’ असं आप्पा म्हणायचे. आजही आमची पोरं जॉबकार्डवर ‘पीळ’ हाच शब्द लिहितात.

आयटीआय करून मी गाळ्यात आलो. वडाप हळूहळू कमी झालं आणि वेगळ्याच गाड्या येऊ लागल्या. त्यांत फोर बाय फोरचा लिव्हरच नव्हता. गरज पडली की मागची चाकं आपोआप जोडली जायची. मला वाटलं, शाफ्ट तोच, क्रॉस तोच, फार काय वेगळं असणार?

२०११ मध्ये त्याचं उत्तर मिळालं. गडहिंग्लजचे एक डॉक्टर होंडा सीआर-व्ही घेऊन आले. पार्किंगमध्ये गाडी वळवली की मागून घुर्रऽऽ असा आवाज आणि कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं. मी एक चक्कर मारली आणि मागची दोन्ही व्हील बेअरिंग बदलली. आवाज तसाच. मग डिफरन्शियलचं ऑइल काळं दिसलं म्हणून ते काढून आमच्याकडे डब्यात असायचं तेच नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरलं. आवाज दुप्पट झाला. त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्याची गाडी आपल्या हातानं बिघडवली हे फार जड जातं.

तीन रात्री मॅन्युअल वाचलं तेव्हा रचना कळली. त्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन छोटे ऑइल पंप असतात. एक पुढच्या चाकांच्या वेगानं फिरतो, दुसरा मागच्या. दोघांचा वेग जुळला तर दाब तयार होत नाही. पुढची चाकं घसरून जास्त फिरू लागली की दाब वाढतो आणि क्लच प्लेटचा गठ्ठा आवळला जाऊन मागच्या चाकांना जोर मिळतो. म्हणजे तिथलं ऑइल फक्त वंगण नाही, प्लेटा किती धरायच्या आणि किती सोडायच्या हे तेच ठरवतं. ऑइल जुनं झालं की प्लेटा सरळ न घसरता चिकटत-सुटत घसरतात. तोच तो घुर्र. त्या रचनेसाठी वेगळं ऑइल येतं आणि मी त्यात भलतंच ओतलं होतं.

योग्य ऑइल मागवलं. भरलं, मैदानात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दोन्ही बाजूंनी वळसे घेतले, ऑइल काढलं, पुन्हा नवीन भरलं. दुसऱ्या खेपेला आवाज गेला. लागलं ते सव्वा-सव्वा लिटर ऑइल. बेअरिंगचे पैसे मी डॉक्टरांना परत दिले आणि चूक काय झाली ते जसंच्या तसं सांगितलं. ते आजही आमच्याकडेच येतात.

त्यानंतर नियम केला : आवाजाची जागा सापडल्याशिवाय एकही बोल्ट खोलायचा नाही, आणि जागा शोधण्याचे पैसे वेगळे घ्यायचे. हा दुसरा भाग लोकांच्या गळी उतरवायला पाच वर्षं गेली. ‘काही बदललंच नाही, मग पैसे कसले?’ हे रोज ऐकलं. आप्पांनाही ते पटत नव्हतं. पण शोधण्यात अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे मिळाले नाहीत की मेकॅनिकचा हात नकळत पार्ट बदलण्याकडे वळतो. मी तसा वळलो होतो.

शोधायचं म्हणजे काय, तर आधी विचारायचं. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या? सरळ जाताना येतो की वळणावरच? ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर येत असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीवर. घरघर एकसारखी असून डावीकडे वळल्यावर वाढत असेल तर उजवीकडचं व्हील बेअरिंग. पूर्ण वळणावर टक-टक-टक असेल तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. गाडी जागेवरून सुटताना एकच ठक असेल तर क्रॉस किंवा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याच्या, मधल्या बेअरिंगचं फाटलेलं रबर. सुकलेल्या क्रॉसच्या टोपीभोवती तांबडी भुकटी दिसते, ती बॅटरीच्या उजेडात शोधायची. म्हणून आमची विनंती असते की येण्याआधी गाडी खालून धुऊन आणू नका.

मग टायर. साताऱ्याहून एक डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, आली होती. तक्रार अशी की हायवेवर खालून गुणगुण येते आणि वळताना गाडी जड होते. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, डिफरन्शियल खोलायचा सल्ला मिळाला होता. आमच्या पोरानं टायरच्या नक्षीची खोली मोजली : पुढे आठ मिलिमीटर, मागे तीन. सवलत होती म्हणून मालकांनी दोनच नवे घातले होते. २१५/६५ आर १६ या मापाच्या नव्या टायरचा परीघ साधारण २,१५५ मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरला ४६४ फेरे. पाच मिलिमीटर झिजलेल्याचा परीघ त्याहून ३१ मिलिमीटरनं कमी, म्हणजे ४७१ फेरे. किलोमीटरमागे सात फेऱ्यांचा फरक. कोल्हापूर-पुणे असं एकदा गेलं तर सोळाशे. सरळ रस्त्यावरही मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला हा फरक सतत सोसावा लागतो आणि ते तापत राहतं. चारही टायर सारखे केले, कपलिंग आणि डिफरन्शियल तपासलं, गाडी शांत झाली. बिल झालं तपासणीचं.

टायर बरोबर असतील तर पुढची पायरी प्रोपेलर शाफ्ट. खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, रंगाची खूण करतो, कारण जागा बदलली तर शाफ्ट थरथरू शकतो. ज्या गाड्यांत चालतं त्यांत शाफ्ट काढून नुसत्या पुढच्या चाकांवर ट्रायल घेतो. आवाज गेला तर दोष शाफ्टपासून मागे, राहिला तर पुढे. एवढ्या एका चकरेनं निम्मी गाडी संशयातून सुटते. लिफ्टवर चालवून ऐकायचं असेल तर चारही चाकं अधांतरी हवीत. दोनच उचलून गिअर टाकला तर उरलेली दोन गाडीला जॅकवरून फेकू शकतात. लटकलेल्या चाकांचे जॉइंट वेगळ्या कोनात असतात, तेही आवाज करतात. त्याला फसायचं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा महापूर आला. उद्यमनगरच्या गाळ्याबाहेर महिनाभर रांग होती. इंजिन सगळ्यांनी बघितलं, डिफरन्शियल कोणी बघत नव्हतं. डिफरन्शियलचं तापलेलं हाऊसिंग, म्हणजे बाहेरची पेटी, गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, चिखलानं बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ड्रेन बोल्ट सोडला की दुधाच्या चहासारखं ऑइल यायचं. प्रत्येक गाडीचं थोडं ऑइल आम्ही काचेच्या बाटलीत भरून नंबर लिहून ठेवलं, मालकाला दाखवायला. ज्यांनी तेव्हा नको म्हटलं त्यांतले काही दिवाळीनंतर बेअरिंगची घरघर घेऊन आले. खाली पाणी, वर तेल अशी बाटली डोळ्यांनी बघितली की तपासणीच्या पैशांवरचा वाद मिटतो. २०२१ च्या पुरानंतर लोक स्वतःहून विचारत आले, ‘मागचं ऑइल बघता का?’

त्याच कामातून नव्या जागेचा पैसा उभा राहिला. लॉकडाऊनमध्ये हप्ते थकले, दोन पोरं गावी गेली, त्यांतलं एक परतलं. आज आम्ही सहा जण आहोत. क्राऊन-पिनियनचं सेटिंग डायल गेज, म्हणजे बारीक फरक मोजायचं घड्याळ, लावून इथंच करतो. चाकाचे अडकलेले हब ओढून काढायचे पुलर उद्यमनगरातल्या लेथवर आमच्या मापानं बनवून घेतलेत, तसे बाजारात मिळाले नाहीत. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट मात्र आम्ही खोलत नाही, ते सरळ सांगतो.

बंद पडलेली एडब्ल्यूडी गाडी टोचन लावून, दोन चाकं फरफटत आणू नका, फ्लॅटबेडवर आणा. शक्यतो आदल्या संध्याकाळी आवारात लावून जा. थंड गाडीचा पहिला वळसा आणि वीस किलोमीटर फिरून आल्यावरचा वळसा, दोन्ही ऐकायचे असतात, आणि सकाळी आठच्या आधी हायवेचा आवाज कमी असतो.