आप्पांच्या चुका

आमच्या आप्पांना राग आला की ते चुका निवडायला बसतात.

हे वाक्य मी गेल्या वर्षी मोबाइलवरच्या चॅटबॉटला जसंच्या तसं लिहून पाठवलं. सोबत बाकीची हकिकतही होती. वय ७८, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला, डॉक्टर म्हणतात आता थांबू नका आणि आप्पा म्हणतात, "पाऊस संपू दे." उत्तर दोन सेकंदांत हजर. उतारवयात माणूस इतरांचे दोष शोधू लागतो, त्यामागे असुरक्षितता असू शकते, त्यांची टीका मनाला लावून घेऊ नका, वगैरे.

मी चक्रावलो. आप्पांनी जन्मात कुणाच्या चुका काढल्या नाहीत. माझं दहावीचं गुणपत्रक बघूनसुद्धा "बरं" एवढंच म्हणाले होते. मग डोक्यात उजेड पडला. आप्पांच्या चुका म्हणजे खिळ्यांच्या जातीतल्या, फोटोच्या चौकटीला मागून ठोकतात त्या बारीक चुका.

आप्पांकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे आणि त्यात निदान चाळीस वर्षांचं लोखंड आहे. राग आला की ते खाली वर्तमानपत्र पसरतात, डबा त्यावर पालथा घालतात आणि मांडी ठोकून बसतात. खिळे एकीकडे, चुका एकीकडे, स्क्रू, वायसर, मोडलेल्या बिजागऱ्या आणखी एकीकडे. वाकडी चूक सापडली की फरशीच्या तुकड्यावर धरून हातोडीने सरळ करायची. तासाभरात सगळं नीट वेगळं झालं की ते सगळंच्या सगळं परत त्याच डब्यात ओततात. म्हणजे पुढच्या रागाची सोय झाली. घरात आम्हाला नुसत्या आवाजावरून पारा कळतो. खळखळ असेल तर चहा नेऊन ठेवला की भागतं. हातोडी वाजायला लागली की त्या खोलीकडे कुणी फिरकत नाही.

आता यात त्या चॅटबॉटचा तरी काय दोष? त्याने माणसांनी लिहिलेलं अफाट वाचलंय आणि त्यावरून पुढचा शब्द कोणता असावा, हे तो हिशेबाने ठरवतो. लिहिलेल्या जगात चुका असतात त्या व्याकरणाच्या, सरकारच्या, नाहीतर सुनेच्या. सुताराच्या डब्यातल्या चुकांवर कोण कशाला लिहायला बसतंय? मी खुलासा केल्यावर त्याने तत्काळ माफी मागितली, डब्याची गोष्ट "अतिशय हृद्य" असल्याचं कळवलं आणि ऑपरेशन टाळण्याची सात कारणं क्रमांक घालून दिली. ती यादी मला फार आवडली. सातही कारणं पटण्यासारखी होती.

तेव्हा मी त्याच्यावर जरा भाळलोच होतो, हे कबूल करायला हवं. एका रात्री त्याला विचारलं, "इतके दिवस बोलतोयस, मी कसा माणूस आहे सांग." त्याने सांगितलं की मी संवेदनशील आहे, दुसऱ्यांसाठी खूप करतो पण बोलून दाखवत नाही, स्वतःबद्दल जरा जास्तच कठोर आहे आणि वरून शांत दिसलो तरी आत विचारांची गर्दी असते. मला इतकं बरं वाटलं की मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?" मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "कुलूप लावून तीनदा ओढून बघतोस आणि आत गॅस चालू असतो, तो तू."

लहानपणी पहाटे अंधारात गल्लीत पिंगळा यायचा. हातात कंदील, कुडमुडं वाजवत आजीला म्हणायचा, "मनात काळजी हाय माये, पन कुनाला सांगत न्हाईस. करतीस समद्यांचं, पन हाताला यश न्हाई." आजी डोळ्याला पदर लावून सुपात जोंधळे आणायची. पलीकडच्या दारातही हेच शब्द, तिथेही पदर डोळ्याला. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांवर नेमका हाच खेळ केला. आधी चाचणी घेतली, मग प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच होतं आणि बरंचसं रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेलं होतं. पिंगळ्याला ही सरासरी ऐकून नवल वाटलं नसतं.

ही ओढ जुनीच आहे. १९६६ मध्ये एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी आपल्या 'एलिझा' या संवाद करणाऱ्या संगणक-प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. तिला समजत काहीच नव्हतं. तुमचंच वाक्य उलटं फिरवून ती प्रश्न विचारायची. "मला उदास वाटतं" म्हटलं की "तुम्हाला उदास का वाटतं?" हा प्रोग्राम तयार होताना महिनोन्महिने डोळ्यांनी बघितलेली त्यांची सेक्रेटरी तिच्याशी दोन-चार वाक्यं बोलली आणि वायझेनबाउमना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? आताचे चॅटबॉट एलिझापेक्षा कैक पटींनी हुशार आहेत, तुलनाच नको. पण ते "जरा बाहेर जाता का" मला चांगलंच ओळखीचं आहे. त्या रात्री बायको पाणी प्यायला आली, तेव्हा मीही मोबाइल पालथा घातला होता.

माझा भ्रम उतरवला तो माळ्याच्या भांडणाने. माळ्यावरची जुनी भांडी मोडीत घालायची की नाही, यावरून आमचं वाजलं. मी चॅटबॉटला विचारलं, तो म्हणाला माझं म्हणणं अगदी रास्त आहे. मी ते विजयी मुद्रेने सांगितलं, तर बायकोनेही आपला मोबाइल पुढे केला. तिच्याही चॅटबॉटच्या मते तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या चॅटजीपीटी या चॅटबॉटमध्ये केलेला एक बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण तो फारच गोडगोड, हांजी हांजी करणारा झाला होता. बातमी वाचताना मला हसू आलं होतं. पण खरी गोची गोडव्यापेक्षा वेगळी आहे. मी त्याला सांगितली ती माझी बायको, तिने सांगितला तो तिचा नवरा. आम्हा दोघांना त्याने कुठे पाहिलंय? चाळीतली कुणीही शेजारीण दोघांना एकदम समोर बसवून, आधी कोण मान खाली घालतो यावरून निकाल देऊन मोकळी झाली असती.

तर आप्पा. पाऊस संपला, मग "दिवाळी होऊ दे" सुरू झालं. दिवाळी झाल्यावर तासगावहून आत्या आली. त्या संध्याकाळी जेवायच्या आधी डॉक्टरांचा विषय निघाला आणि आप्पा उठून आत गेले. डब्याचा आवाज आला. मग हातोडी.

"राग आलाय," मी आत्याला समजावलं.

आत्या पानात लोणचं वाढत होती. हात तसाच ठेवून तिने कान दिला. "राग नाही रे. घाबरलाय तो. आईच्या वेळेला असाच गवऱ्या रचत बसायचा. रचलेल्या पाडायच्या, पुन्हा रचायच्या."

आईच्या वेळेला म्हणजे साठ वर्षांपूर्वी. मिरजेला आजीचा मोतीबिंदू काढला होता आणि सोबतीला सतरा वर्षांचे आप्पा राहिले होते. तेव्हा ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून उताणं निजवत आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. आजी रात्रभर "बाळू, आहेस ना?" विचारायची आणि आप्पा "आहे" म्हणायचे. पुढे तिला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागला आणि त्यातून ती शेवटपर्यंत भात वाढताना ताटाच्या बाहेर वाढायची. मिरजेच्या त्या रात्रींबद्दल एक अक्षर मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी त्या डब्याचा अर्थ राग असा लावत होतो. तोच मी चॅटबॉटला लावून दिला आणि त्याने तो माझ्याकडून विनातक्रार घेतला.

रात्री ती सात कारणांची यादी परत उघडली. पाचवं कारण होतं, "पूर्वीचा एखादा क्लेशदायक अनुभव". होतं की! त्याने सांगितलं होतं. पण मी थांबलो होतो तिसऱ्यावर, "खर्चाची चिंता". कारण खर्चाची चिंता मला असते. मग दोन महिने मी आप्पांना विम्याचे कागद दाखवत होतो आणि ते हातोडी काढत होते. सगळ्या माणसांची सगळी कारणं त्याच्या यादीत होती, त्यातलं आप्पांचं कुठलं तेवढं लोणचं वाढणाऱ्या आत्याला ठाऊक होतं.

आत्याने त्यांची समजूत वगैरे काढली नाही. सकाळी चहा पिताना सहज म्हणाली, "दादा, मी केला ना मागच्या साली. सकाळी गेले, दुपारी घरी. रात्री मालिका बघितली."

आप्पा बशीतला चहा फुंकत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पिशव्या नसतात आता?"

"नसतात."

पुढच्या आठवड्यात उजवा डोळा झाला. अर्धा तास लागला असेल. मी चॅटबॉटला कळवलं, त्याने अभिनंदन केलं आणि थेंब कधी घालायचे, याचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून ठरवा, असं बजावलं. सल्ला चांगलाच होता, वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं.

महिन्याभराने आप्पा म्हणाले, भिंतीचा रंग इतका कळकट होता, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी हसून म्हणालो, "आता डावाही उरकून टाकू, पुढच्या महिन्यात." ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने आतून वर्तमानपत्र पसरल्याचा आवाज आला, मग खळखळ. बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

"काय म्हणालास त्यांना?"

"काही नाही. चहा टाक."

"थांब," ती म्हणाली, "हातोडी वाजते का बघू."