समुद्री टँकला रोजचं गोडं पाणी: माझा एटीओचा अनुभव

पुण्याच्या उन्हाळ्यात टँक थंड ठेवायला पंखे लावले, की माझ्या समुद्री मासे आणि कोरलच्या तीन फुटी टँकमधून दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. संप, म्हणजे टँकखालची जोडटाकी, धरून दोनशे लिटरमधले पाच गेले तर ३५ची क्षारता (हजार भाग पाण्यात मीठ किती) ३६च्या घरात जाते. रोज सकाळी गोडं पाणी ओतून ती सावरता येते, पण मे महिन्यात गावी जायचं तर हे काम शेजाऱ्यांच्या गळ्यात कसं घालणार? म्हणून एटीओ, म्हणजे आपोआप पाणी भरणारी यंत्रणा.

आमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी येतं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ८००च्या आसपास. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मीटरवर ९० दाखवत होतं, कारण चवीसाठी त्यात थोडं मूळचं पाणी परत मिसळलं जातं. पिण्यासाठी ते उत्तम, कोरलसाठी नाही. टँकसाठी वेगळा आरओ घेतला, शेवटी उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनसकट. आमचा फ्लॅट गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली. आरओला चांगला दाब लागतो. दहा मीटर उंचीमागे एक बार दाब मिळतो, इथे चार मीटरही नाहीत. त्यामुळे बूस्टर पंप लागलाच. त्यानंतर मीटर शून्यावर आला.

बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "काका, नळी थेट संपमध्ये सोडतो, फ्लोट व्हॉल्व्ह लावला की झालं." मी नको म्हटलं. आरओ सारखा चालू-बंद झाला की दर वेळी सुरुवातीचं पाणी जास्त टीडीएसचं येतं आणि रेझिन लवकर संपतं. शिवाय व्हॉल्व्ह अडकला तर मागे सोसायटीची अख्खी टाकी उभी! म्हणून मध्ये २० लिटरचा कॅन ठेवला. आरओ कॅन भरतो आणि थांबतो. कॅनमधून छोटा पंप पाण्याची पातळी बघणाऱ्या सेन्सरच्या इशाऱ्यावर संपमध्ये पाणी टाकतो. सेन्सर अडकून सगळा कॅन रिकामा झाला तरी क्षारता ३२च्या आसपास येईल. कोरल रुसतील, मासे निभावतील. एवढं पाणी संपमध्ये मावतं का, हे मुख्य पंप बंद करून पाहिलं, कारण वीज गेली की वरच्या टँकचंही थोडं पाणी खाली उतरतं.

सेन्सर संपमधल्या रिटर्न पंपाच्या (पाणी वर टँकमध्ये चढवणाऱ्या मुख्य पंपाच्या) कप्प्यातच लावायचा, पातळी तिथेच घटते. नळीचं तोंड कॅनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचं. खाली राहिलं तर पंप थांबल्यावरही सायफनने कॅन उपसला जातो.

आरओचं वाया जाणारं पाणी मूळच्यापेक्षाही खारं असतं, त्यामुळे कुंड्यांना घालत नाही. ते लादी पुसायला आणि संडासाला जातं. आईचं म्हणणं, "माशांना शून्याचं पाणी, आणि आम्हाला नव्वदचं!"

गावाहून परतलो तेव्हा क्षारता ३५च होती. सेन्सरवर मात्र मिठाची पापडी धरली होती. आता तो दर रविवारी व्हिनेगरने पुसतो.