घरकामाची घडी सोबतीने बसवताना

घरकाम मला येत नव्हते असे नाही. ते रोज, ठरल्या वेळी, कोणी आठवण करून देत नसताना सुरू करणे जड जात होते. केर काढणे, ओटा पुसणे, भांडी जागच्या जागी लावणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे सुटी सुटी पाहिली तर त्यांतले कोणतेही पंधरा-वीस मिनिटांपलीकडे जात नाही. परंतु नोकरी, मुलांच्या वेळा आणि संध्याकाळचा थकवा यांत ती मागे पडू लागली की एकमेकांवर साचतात, आणि मग सुट्टीचा सगळा दिवस आवराआवरीत जातो. माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या घरीही हेच चालले होते. आम्ही दोघी वेगवेगळ्या गावी राहतो, त्यामुळे एकमेकींच्या घरी जाऊन मदत करणे शक्य नव्हते. पण काम करताना फोनवरून एकमेकींची सोबत करता येईल का, हे पाहायचे आम्ही ठरवले. या सोबतीने आमच्या दोन्ही घरांची घडी बसली. ती कशी बसली, हे जमेल तितक्या तपशिलाने लिहीत आहे.

घरकामाचे स्वरूपच असे आहे की त्याला शेवट नसतो. घासलेली भांडी काही तासांत पुन्हा सिंकमध्ये येतात, पुसलेल्या फरशीवर दुसऱ्या दिवशी धूळ असतेच. शिवाय झालेले काम कुणाच्या लक्षात येत नाही आणि राहिलेले मात्र ताबडतोब दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 च्या अहवालात 64 देशांच्या माहितीवरून मांडलेला अंदाज असा आहे की दररोज 16.4 अब्ज तास विनामोबदला घरकाम आणि सांभाळ यांत जातात, आणि त्यांपैकी 76.2 टक्के भार स्त्रिया उचलतात. एवढे श्रम होतात आणि त्यांची नोंद बहुधा कोणीच घेत नाही. म्हणूनच, आपण आता काय करायला घेतले आणि काय पूर्ण केले हे समजून घेणारी एक व्यक्ती असणे, ही गोष्ट मला सल्ल्यांपेक्षा आणि वेळापत्रकांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

सुरुवातीला आम्ही सकाळी दिवसभराच्या कामांची यादी एकमेकींना पाठवत असू आणि रात्री तिचा हिशेब देत असू. यादी लांबत गेली, रात्रीच्या हिशेबात उरलेली कामेच ठळक होऊ लागली आणि तो संदेश लिहिण्याचे दडपण येऊ लागले. मग मैत्रिणीने एक साधा बदल सुचवला : यादी पाठवायची नाही, काम हातात घेताना एका ओळीचा संदेश पाठवायचा आणि थांबताना दुसरा. ‘ओटा आणि सिंक, आत्ता सुरू करते आहे,’ असे तिने लिहायचे, मी त्याच वेळी माझ्या घरी काही हातात घ्यायचे, दोघींनी पंधरा मिनिटांचा गजर लावायचा आणि गजर झाला की जे झाले ते कळवायचे. काम अर्धवट राहिले तरी थांबायची मुभा ठेवली. ही मुभा फार महत्त्वाची ठरली, कारण ‘पूर्ण करायलाच हवे’ ही अट नसली की थकलेल्या संध्याकाळीही माणूस उठतो, आणि एकदा उठल्यावर काम बहुतेक वेळा तडीस जाते.

वेळ ठरवतानाही आम्हांला हळूहळू एक रीत सापडली. पीटर गोल्वित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये ‘जर अमुक घडले, तर मी तमुक करीन’ अशा आखणीविषयी लिहिले आहे : नुसत्या इराद्यापेक्षा, कृती कधी आणि कुठे करायची हे आधीच पक्के केले तर ती हातून होण्याची शक्यता वाढते. आम्ही ही आखणी घड्याळाऐवजी घरात आधीच घडणाऱ्या गोष्टींना जोडली. चहाचे आधण ठेवले की रात्रीची वाळलेली भांडी लावायची. मुले शाळेत गेली की केर काढायचा. धुण्याचे यंत्र लावले की त्याच वेळी कपडे वाळत घालण्याचा गजरही लावायचा, कारण धुतलेले ओले कपडे यंत्रात तसेच राहिले तर त्यांना कुबट वास येतो आणि ते पुन्हा धुवावे लागतात. ही जोडणी प्रत्येकीने आपल्या घरापुरती केली. मैत्रिणीची कामाची वेळ रात्रीची असल्यामुळे तिची सकाळ माझ्या दुपारी सुरू होते, आणि माझे वेळापत्रक तिला लावण्यात काहीच अर्थ नव्हता.

सोबतीने प्रत्येक काम सोपे होत नाही. काही आठवड्यांनी आमच्या लक्षात आले की भांडी, केर, घड्या, फरशी ही कामे फोन चालू ठेवून भराभर होतात. जुनी कागदपत्रे लावणे, लहान झालेले कपडे वेगळे काढणे, औषधांची पेटी तपासणे ही कामे मात्र फोनवर बोलता बोलता रेंगाळतात आणि शेवटी सगळे पुन्हा त्याच खणात जाते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्त्स यांनी 1965 मध्ये मांडलेला विचार वाचल्यावर याचा उलगडा झाला. त्यांच्या मते इतरांच्या उपस्थितीमुळे हातात मुरलेले काम अधिक चांगले होते, तर नवे किंवा अवघड काम बिघडते. केर काढताना विचार करावा लागत नाही; कागद ठेवायचा की फाडायचा हे ठरवताना करावा लागतो. त्यामुळे आम्ही दोन प्रकारची सोबत ठेवली. हातासरशी होणाऱ्या कामांना फोन चालू ठेवायचा, मनसोक्त गप्पा मारायच्या. निर्णयाच्या कामांना मात्र एकटीने बसायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि उठल्यावर काय काय निकाली काढले ते सविस्तर सांगायचे. हा फरक केल्यापासून वर्षानुवर्षे न उघडलेले खण रिकामे होऊ लागले. घरकामात सोबत शोधणाऱ्या प्रत्येकाने हा भेद आधीच ध्यानात घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता प्रोत्साहनाच्या भाषेविषयी. ‘वा, छान’ एवढ्यावर आमचे चार-सहा दिवस गेले. नंतर ते शब्द वाचलेही जाईनात. उलट ‘गॅसच्या बर्नरखालचे तेलकट डागही काढलेस? ते तर मागच्या आठवड्यापासून तुझ्या डोळ्यांत सलत होते,’ असे तिने लिहिले की माझे काम खरोखर कोणीतरी पाहिले आहे, असे वाटते. म्हणून आम्ही कौतुक करताना कामाचे नाव घेतो आणि शक्य असेल तर त्यामागची अडचणही आठवतो : ताप होता तरी, पाहुणे नुकतेच गेले होते तरी, दिवसभर उभे राहून पाय दुखत होते तरी. ‘तुला कसे गं एवढे जमते’ हे वाक्य आम्ही टाळतो, कारण त्यात बोलणारीने स्वतःला कमी लेखलेले असते आणि ऐकणारीवर दुसऱ्या दिवशीही तसेच जमवण्याचे ओझे येते.

सल्ल्याबाबतची आमची शिस्त याहून कडक आहे. न विचारता सल्ला द्यायचा नाही. ‘बाथरूमच्या फरशा घासायला घेतल्या आहेत,’ असे कोणी सांगितले तर कोणता ब्रश चांगला, कोणत्या वारी घासावे, हे सांगू नये; तिला त्या क्षणी फक्त सोबत हवी असते. तिने विचारले तर मात्र मनापासून आणि नेमके सांगावे. छायाचित्रे पाठवणेही आम्ही बंद केले. आवरलेल्या ओट्याच्या चित्रात पाहणाऱ्याचे लक्ष मागच्या फरशांकडे, पडद्यांकडे, घराच्या ऐसपैसपणाकडे जाते आणि नकळत तुलना सुरू होते. शब्दांत तसे होत नाही. गुण देणे, चढाओढ लावणे याही गोष्टी आम्हांला मानवल्या नाहीत; जिच्या घरी त्या आठवड्यात आजारपण आहे तिने मागे पडावे, ही व्यवस्थाच अन्यायाची आहे.

खंड पडतोच, आणि सोबतीची खरी गरज तेव्हाच असते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या सवयींच्या अभ्यासात, एखादी कृती आपोआप होऊ लागण्यास लागणारा मध्यम कालावधी 66 दिवसांचा आढळला. परंतु व्यक्तीव्यक्तींतील फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. मला यातला दुसरा भाग अधिक दिलासा देणारा वाटतो. शिवाय त्या अभ्यासातील कृती खाण्यापिण्याच्या किंवा व्यायामाच्या, प्रत्येकी एकेक अशा होत्या. ‘घर आवरलेले ठेवणे’ ही एक सवय नसून डझनावारी सवयींचा गठ्ठा आहे, हे समजल्यावर आम्ही एका वेळी एकच कृती पक्की करायला घेतली आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरी घेतली नाही. खंड पडल्यावर परत येणाऱ्याला ‘कुठे होतीस’ असे विचारत नाही. ‘आज कुठून सुरुवात करू या?’ एवढेच विचारतो. राहिलेल्या दिवसांची भरपाईही करत नाही. साचलेले कपडे राहू देत, आजचे आधी धुवावेत आणि मागचे रोज थोडे थोडे उचलावेत, असा आमचा क्रम आहे.

पुढे मैत्रिणीच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी आमच्यात आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वृद्ध वडिलांचे सगळे ते एकटे करतात, आणि घरकाम त्यांना अगदी आरंभापासून शिकायचे होते. झायॉन्त्स यांचा नियम इथे पुन्हा उपयोगी पडला : नवी कृती ते आधी शांतपणे, एकटे करून पाहत आणि ती हाताला बसल्यावरच आमच्याबरोबर गजर लावून करत. त्यांच्यामुळे आमच्या शिस्तीत एक भर पडली. पंधरा मिनिटांच्या घाईत तीव्र रसायने हातात घ्यायची नाहीत, कारण ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो, आणि गडबडीत बाटल्यांवरचे वाचले जात नाही. ते काम वेगळ्या वेळी, खिडकी उघडी ठेवून करायचे. जंतुनाशक वापरतानाही ते फवारून लगेच पुसल्यास पुरेसा परिणाम होत नाही. वेष्टनावर दिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहावा लागतो.

या सगळ्याचा एक परिणाम आम्ही योजलेला नव्हता. रोजच्या संदेशांमुळे घरात काय काय केले जाते त्याची आपसूक नोंद तयार झाली. एकदा माझ्या नवऱ्याने ती माझ्या शेजारी बसून वाचली आणि बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘यातली अर्धी कामे असतात हेच मला माहीत नव्हते.’ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात घर चालवण्याच्या वैचारिक श्रमाचे चार भाग सांगितले आहेत : गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही ते पाहणे. निर्णय बहुधा दोघे मिळून घेतात, पण आधी ओळखणे आणि नंतर पाहणे हे मुख्यतः स्त्रीकडे राहते, असे त्यांना आढळले. आमच्या घरी आता कपड्यांचे काम संपूर्ण नवऱ्याकडे आहे, म्हणजे साबण संपत आला हे लक्षात ठेवण्यापासून घड्या कपाटात जाईपर्यंत. त्यात मी आठवण करून देत नाही. मैत्रिणीची सोबत कितीही मोलाची असली तरी घरातल्या माणसांनी कामाचा वाटा उचलण्याला ती पर्याय नाही, आणि तिचा तसा वापर होऊ नये याची आम्ही काळजी घेतो.

पुढच्या महिन्यात मैत्रीण घर बदलत आहे. तिच्या सगळ्या जोडण्या जुन्या घरातल्या जागांशी आणि वेळांशी बांधलेल्या आहेत, त्यामुळे त्या सुटणार हे आम्ही गृहीत धरले आहे. सामान बांधताना हातकामाच्या वेळी मी फोनवर असेन. काय ठेवायचे आणि काय द्यायचे हे ती दुपारच्या शांत वेळी एकटी ठरवेल आणि संध्याकाळी आम्हांला सांगेल. नव्या घरात पहिला आठवडा कोणतीही शिस्त लावायची नाही, फक्त सिंक रात्री रिकामे ठेवायचे, एवढेच तिने ठरवले आहे. दुसऱ्या आठवड्यात तिच्या दिवसाचा नवा क्रम स्पष्ट झाला की कोणते काम कशाला जोडायचे, हे आम्ही तिघे बसून ठरवू.