आमची वाटचाल : जळालेल्या मोटरीपासून सम्पच्या खड्ड्यापर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात मोटर रिवाइंडिंगपासून झाली. दुकानात येणाऱ्या मोटरींमध्ये तळघरातले पाणी उपसणाऱ्या सबमर्सिबल पंपांचा भरणा मोठा असे आणि पावसाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर ते सारे एकदमच येत. तांबे बदलून, वार्निश देऊन, भट्टीत सुकवून पंप परत करावा, तर त्यांतले काही पुन्हा जळून आमच्याच दारात येत, आणि वाइंडिंग कच्चे असल्याचा ठपका साहजिकच आमच्यावर येई. उघडलेली मोटर मात्र निराळेच सांगत असे. ज्या मोटरीची गुंडाळी सगळीकडून सारखी काळी पडलेली असते, ती बहुधा इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) अडकल्याने, कोरडी चालल्याने किंवा वारंवार चालू-बंद झाल्याने तापलेली असते. ही कारणे दुकानातल्या टेबलावर सापडणारी नव्हती. म्हणून सम्पचा, म्हणजे पंप बसवलेला पाणी साठण्याचा, खड्डा पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा जळालेली मोटर रिवाइंडिंगला घ्यायची नाही, असा नियम आम्ही केला आणि तिथून धंद्याची दिशाच बदलली.

रचना तशी साधी आहे. तळघराच्या फरशीखालचे पाझराचे पाणी सर्वांत खोल जागी केलेल्या खड्ड्यात जमते, पातळी वाढली की फ्लोट उचलला जाऊन त्यातला स्विच मोटर सुरू करतो, इम्पेलर पाणी वर ढकलतो आणि पातळी उतरली की फ्लोट खाली लोंबून मोटर बंद होते. सबमर्सिबल पंपाची मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे फ्लोट वरच अडकून राहिला आणि पंप रिकाम्या खड्ड्यात फिरत राहिला, तर तिचे आयुष्य झपाट्याने संपते. फ्लोट अडकण्याइतके क्षुल्लक आणि तितकेच महागात पडणारे कारण आम्ही दुसरे पाहिलेले नाही. अरुंद खड्डा, सैल सोडलेली केबल आणि तिने डिलिव्हरी पाइपला घातलेला वेढा, एवढे पुरेसे होते.

एका इमारतीत पंप व्यवस्थित घरघरत होता, पण पाण्याची पातळी हलत नव्हती, आणि त्यासाठी नवा पंप मागवण्याची तयारीही झाली होती. पाइपावर उपसलेले पाणी परत येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह होता. मात्र पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपाला सुमारे 3 मिलिमीटरचे जे छिद्र ठेवावे लागते, ते कोणीतरी गळती समजून सीलंटने बुजवले होते. रिकाम्या झालेल्या पंपात शिरलेली हवा बंद व्हॉल्व्हखाली कोंडली जाते, आणि वर उभ्या असलेल्या पाण्याच्या स्तंभाविरुद्ध इम्पेलरला ती हवा रेटता येत नाही. सीलंट खरवडून छिद्र मोकळे केल्यावर तोच पंप उपसू लागला. पंप चालू असताना त्या छिद्रातून बारीक चिळकांडी उडते, ती उडायलाच हवी. तिची दिशा खाली खड्ड्यात राहील एवढे पाहावे.

याच व्हॉल्व्हची झडप नीट बसत नसेल, तर उपसलेले पाणी परत येते. पाइप आतून 40 मिलिमीटर व्यासाचा आणि 4 मीटर उभा असेल, तर प्रत्येक वेळी सुमारे 5 लिटर पाणी खड्ड्यात उतरते आणि 45 सेंटिमीटर व्यासाच्या खड्ड्यात त्याने पातळी 3 सेंटिमीटरहून थोडी अधिक चढते. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे ही विनाकारण वाढलेली स्टार्टची संख्या वाइंडिंगच्या मुळावर येते.

जास्त हॉर्सपॉवरचा पंप बसवा, असा आग्रह ग्राहक नेहमी धरतात आणि आम्ही बहुतेक वेळा नकार देतो, कारण लहान खड्ड्यात मोठा पंप काही क्षणांत पाणी संपवतो आणि पुन्हा तेच चालू-बंद सुरू होते. ऐन पावसात पंप थोडा वेळ बंद ठेवून पातळी मिनिटाला किती चढते ते मोजावे. वरच्याच व्यासाच्या खड्ड्यात 1 सेंटिमीटर म्हणजे जवळपास 1.6 लिटर पाणी, म्हणून 5 सेंटिमीटर चढ असेल तर मिनिटाला 8 लिटर आवक झाली. त्याहून पुरेशी जास्त क्षमता, आणि तीही उभी उंची व पाइपाच्या वळणांमधला (एल्बोंमधला) अडथळा धरून येणाऱ्या हेडला, म्हणजे एकूण चढाला, मिळणारी, एवढे पाहून पंप ठरवावा. खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा शून्य हेडचा असतो.

आज आमचे मुख्य काम वार्षिक देखभालीचे आहे. पावसापूर्वी वीजपुरवठा तोडून पंप दोरीने वर काढला जातो, केबलला धरून कधीच नाही, कारण केबल ओढली की ग्लँड (केबल मोटरीत शिरते तिथली पाणीबंद जोडणी) सैल होऊन पाणी मोटरीत शिरते. जाळीतला गाळ आणि लोहयुक्त पाण्यामुळे साचणारा तांबूस चिकट थर काढून इम्पेलर हाताने फिरवून पाहतो, मेगर या उपकरणाने वाइंडिंगचे इन्सुलेशन तपासतो आणि पंप बसवून, बादल्यांनी पाणी ओतून फ्लोट आपोआप उचलला जातो की नाही ते पाहतो. त्याच वेळी एक माणूस बाहेर पाइपाच्या तोंडाशी उभा असतो. तिथे पडलेले पाणी इमारतीच्या पायाकडेच वळत असेल तर तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसले जाते. बादलीची चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी इमारतीतल्या कोणीही करावी, कारण फार काळ न फिरलेला इम्पेलर जाम होतो आणि ते कळते नेमके पाणी भरल्यावर.

अलीकडे आम्ही दुसरा पंप सुचवतो. वादळात वीज जाते आणि पाणीही तेव्हाच येते, म्हणून तो बॅटरीवर चालणारा असावा, त्याचा फ्लोट पहिल्यापेक्षा वर बांधलेला असावा आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह स्वतंत्र असावा. घरातला इन्व्हर्टर वापरायचा असेल, तर मोटरीचा सुरुवातीचा करंट त्याला पेलतो का, हे मुख्य स्विच बंद करून, प्रत्यक्ष पंप चालवूनच आम्ही ठरवतो.