तुम्ही विचारलंत म्हणून: २२ सप्टेंबरच का?

दरवर्षी २२ सप्टेंबरला मी हॅरी पॅच या पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज सैनिकाबद्दल चार ओळी लिहिते आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, की अगं पहिल्या महायुद्धाची आठवण तर ते थांबलं त्या ११ नोव्हेंबरला काढतात ना, मग ही तारीख कुठली आणलीस, आणि मुळात हा इंग्रज म्हातारा तुझा कोण? यंदाही विचारलंत, म्हणून एकदा नीटच सांगते.

तारीख त्याची स्वतःची आहे. साल १९१७, बेल्जियममधली पॅशनडेलची लढाई. हॅरी १९ वर्षांचा, प्लंबिंगचं काम शिकलेला, सक्तीच्या भरतीत लष्करात ओढला गेलेला. लुईस मशीनगनवर पाच जणांची टीम, घरून आलेलं पार्सलसुद्धा पाचात वाटून खायचे. २२ सप्टेंबरच्या रात्री फ्रंटवरून मागे येताना डोक्यावर तोफगोळा फुटला, त्यात तिघांच्या चिंधड्या झाल्या आणि हॅरीला लोखंडाचा तुकडा लागला, जो नंतर भूल न देताच काढला. त्याच्यासाठी स्मृतिदिन म्हणजे हाच दिवस. ११ नोव्हेंबरचं संचलन, बिगुल वगैरे त्याला नुसता देखावा वाटायचा, आणि त्याने ते उघड बोलून दाखवलंय. म्हणून मी त्याचा दिवस पाळते.

युद्ध संपलं, तो घरी आला, लग्न केलं, दोन मुलं झाली, परत पाइप आणि नळ. दुसऱ्या महायुद्धात बाथ शहरावर बॉम्ब पडले तेव्हा आग विझवायला गेला. पण त्या तिघांबद्दल कोणाकडे अवाक्षर नाही. बायकोलाही नाही! पन्नासहून जास्त वर्षांचा संसार, १९७६ मध्ये ती गेली, आणि आपल्या नवऱ्याच्या मनात काय साठलंय हे तिला कधी कळलंच नाही. मला या एका गोष्टीवर फार अडकायला होतं. घरातला माणूस शांत आहे म्हणजे तो विसरला असं आपण किती सहज धरून चालतो.

आणि तो विसरला नव्हताच. म्हातारपणी तो केअर होममध्ये राहायला गेला. त्याच्या खोलीसमोरच्या खोलीत रात्री कोणी कामाला गेलं की दिवा लावायचं. बस, एवढंच. पण अर्धवट झोपेत तो उजेड डोळ्यांवर आला की त्याला गोळा फुटल्याचा लख्ख प्रकाश दिसायचा, तीच रात्र, तेच तिघं. ऐंशी वर्षं झाली होती हो त्या गोष्टीला.

तो बोलला ते १९९८ मध्ये, शंभरीला आल्यावर, तेही बीबीसीची माणसं विचारायला आली म्हणून. मग मात्र सगळं बाहेर पडलं. खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला एक सैनिक त्याला म्हणाला होता, मला गोळी घाल, आणि हॅरीने पिस्तूल काढायच्या आतच तो गेला, जाताना एकच शब्द म्हणाला, ‘आई’. ती वेदनेची हाक नव्हती, आई समोर उभी दिसावी तशी होती, असं हॅरी सांगायचा, आणि मरण म्हणजे शेवट नाही हे आपल्याला तेव्हापासून पटलं असंही. २००४ मध्ये तो चार्ल्स कुएंट्झला भेटला. जर्मनीकडून लढलेले हे आजोबा १०७ वर्षांचे, हॅरी १०६ वर्षांचा, त्यांनी बिस्किटं आणली, हॅरीने सफरचंदाची सायडर दिली. सत्याऐंशी वर्षांपूर्वी दोघंही पॅशनडेललाच होते, समोरासमोरच्या बाजूंना.

आता, हा तुझा कोण? त्याच युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली, त्यात मराठा पलटणी होत्या, इराकमधल्या कुतच्या वेढ्यात उपाशी राहून १९१६ मध्ये तुर्कांच्या कैदेत गेलेले होते. आपल्याकडे कितीतरी गावांत अजून दगडी पाट्या दिसतात, या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. उरलेले परत आले, शेती केली, म्हातारे झाले, ओसरीवर बसून राहिले. रात्री दिवा लागला की त्यांना काय दिसायचं हे विचारायला कोणी गेलं नाही, आणि आता विचारायला त्यांच्यातलं कोणी उरलेलंही नाही. त्यांच्याबद्दल लिहायला माझ्याकडे काहीच नाही, म्हणून मी हॅरीबद्दल लिहिते.

२५ जुलै २००९ ला इंग्लंडमधल्या वेल्स नावाच्या छोट्या शहरात तो गेला, वय १११. त्याच्या आधी बरोबर एक आठवडा त्याच युद्धातले ११३ वर्षांचे हेन्री अ‍ॅलिंगहॅम गेले होते. पश्चिम आघाडीच्या, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममधल्या खंदकांत लढलेला ब्रिटनमधला शेवटचा सैनिक हॅरीच. अंत्यसंस्कार ६ ऑगस्टला झाले, वेल्स कॅथीड्रलची घंटा १११ वेळा वाजवली, शवपेटीबरोबर बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे सैनिक चालले, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे कोणाच्याही हातात शस्त्र नव्हतं, मानवंदनेची बंदूकसुद्धा नाही. मग त्याला बाथजवळच्या मंक्टन कूम गावी नेऊन आईवडिलांजवळ पुरलं.